बालरोग विभागातून मोठ्यांच्या ओपीडीत: ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सी.पी. (सेरेब्रल पाल्सी), डाउन सिंड्रोम, ऑटिझम, फिट्स, स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष), मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू कमजोर होत जाण्याचा आजार)... लहानपणापासून दवाखान्याच्या बाकांवर वाढलेली ही मुलं सोळा-सतरा वर्षांची झाली की त्यांच्या आईबाबांचे फोन सुरू होतात. कळव्यातून येवोत, ऐरोलीतून येवोत की खारघरमधून, प्रश्न साधारण तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एका पालकाने लिहिली आहेत, डॉक्टरने नाही. औषधांविषयी जे आहे ते तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून वाचा, सल्ला म्हणून नको.

मुलगा सोळाचाच आहे आणि डॉक्टर म्हणतात, "आता मोठ्यांकडे दाखवा." वयाचा नियम नक्की काय आहे?

सगळीकडे चालणारा एकच नियम नाही. बऱ्याच सरकारी आणि पालिका रुग्णालयांत बालरोग विभाग बारा वर्षांपर्यंतच बघतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि त्याखालची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं अठरापर्यंतची आहेत. खासगी बालरोगतज्ज्ञ मात्र ओळखीचं मूल म्हणून वीस-एकवीसपर्यंतही बघत राहतात.

खरी पंचाईत या शेवटच्या प्रकारात होते. ओपीडीत सगळं नेहमीसारखं चाललेलं असतं. मग एका रात्री जोराची फिट येते, मुलाला दाखल करावं लागतं आणि वयाकडे बघून त्याला मोठ्यांच्या वॉर्डात पाठवतात. तिथल्या फिजिशियनने त्याला आयुष्यात कधी पाहिलेलं नसतं. म्हणून मूल बारा-तेराचं असतानाच दोन प्रश्न विचारून ठेवा. तुम्ही ओपीडीत कोणत्या वयापर्यंत बघाल? आणि दाखल करायची वेळ आली तर कोणत्या वयापर्यंत तुमच्याच नावावर दाखल कराल? दोन्हींची उत्तरं बहुतेक वेळा वेगळी निघतात.

तयारी कधी सुरू करायची?

नववीच्या वयात. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची २०१६ ची मार्गदर्शक सूचनाही तेरा-चौदा हेच वय सांगते. आपल्याकडे असं सांगणारं कुणी बहुतेकदा भेटत नाही, त्यामुळे आठवण पालकांनीच ठेवायची. प्रत्यक्ष बदल तब्येत स्थिर असताना करा. हिपची शस्त्रक्रिया तोंडावर आहे, फिटचं औषध नुकतंच बदललंय किंवा घरात आजोबांचं आजारपण चाललंय, अशा वेळी नको. नव्या डॉक्टरांची पहिली भेट मूल ठणठणीत असताना व्हावी. आजारपणात पहिली ओळख झाली की ती ओळख राहत नाही, नुसती धावपळ होते.

नक्की कुणाकडे जायचं? न्यूरो, ऑर्थो, मनोविकार की सगळीकडे?

सगळीकडे जावं लागेल, पण सुरुवात तिथून करू नका. आधी एक फिजिशियन किंवा जाणता फॅमिली डॉक्टर धरा, तोही घराजवळचा.

कारण असं की इतकी वर्षं तुमचे बालरोगतज्ज्ञ दोन कामं करत होते. एक उपचाराचं. दुसरं कुणी नाव न दिलेलं: सगळं एकत्र धरून ठेवायचं. न्यूरोने वाढवलेल्या गोळीमुळे बद्धकोष्ठ झालं, ऑर्थोने सांगितलेला स्प्लिंट घोट्याला लागतोय, डेंटिस्टला भूल द्यायची आहे पण छातीत कफ आहे, हे सगळं एका डोक्यात होतं. मोठ्यांच्या व्यवस्थेत प्रत्येक अवयवाला तज्ज्ञ मिळतो, पण ते डोकं आपोआप मिळत नाही. मग ते काम आईच्या गळ्यात पडतं आणि ती कोरियरवाल्यासारखी एका ओपीडीचा निरोप दुसऱ्या ओपीडीत पोचवत फिरते.

आमचा आग्रह म्हणून इतकाच: तज्ज्ञ कुणीही असोत, सगळे कागद शेवटी एकाच डॉक्टरांच्या टेबलावर जायला हवेत. त्यांना सी.पी.चा दांडगा अनुभव नसला तरी चालेल. फोन उचलणारा, "मला माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणणारा आणि तुमच्या मुलाला हात लावून तपासणारा डॉक्टर पुष्कळ. चौथ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला दवाखाना कितीही चांगला असला तरी व्हीलचेअरवाल्याला उपयोगाचा नाही.

तज्ज्ञांमध्ये एक नाव पालकांना माहीतच नसतं: पीएमआर, म्हणजे पुनर्वसन वैद्यकाचे डॉक्टर. स्नायूंचा ताठरपणा, स्प्लिंट, व्हीलचेअर, बसण्याची ठेवण हे त्यांचं क्षेत्र. मोठ्या झालेल्या सी.पी. किंवा स्पायना बायफिडाच्या मुलांना त्यांच्याइतका उपयोग क्वचितच दुसऱ्या कुणाचा होतो. या विषयाची जुनी केंद्रीय संस्था मुंबईत हाजी अलीला आहे, १९५५ पासून.

परळच्या वाडिया बाल रुग्णालयात वर्षानुवर्षं जाणाऱ्या मुलांना मोठ्यांच्या विभागांसाठी केईएम रुग्णालय शेजारीच आहे. रोजच्या आजारपणासाठी मात्र कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं पालिकेचं रुग्णालय किंवा जवळचं खासगी, असं काहीतरी घराजवळ ठरवून ठेवा. रात्री दोन वाजता परळ फार लांब असतं.

जुन्या डॉक्टरांकडून काय काय घ्यायचं?

सगळ्यात आधी एका पानाचा सारांश, त्यांच्या सही-शिक्क्याचा. निदान काय, केव्हा झालं, कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या, सध्याची औषधं, पूर्वी देऊन बंद केलेली औषधं आणि ती का बंद केली, कशाची ॲलर्जी, दाखल करायची वेळ आली तर काय करायचं नाही. बंद केलेल्या औषधांची यादी लोक हमखास विसरतात. मग नवे डॉक्टर उत्साहाने तेच औषध पुन्हा सुरू करतात.

डोस मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या. "सकाळी पाच एमएल, रात्री सात एमएल" हे आईला झोपेतही पाठ असतं, पण एकाच औषधाची सिरप वेगवेगळ्या ताकदीची मिळतात आणि मोठ्यांच्या डॉक्टरांना गोळ्यांच्या भाषेत विचार करायची सवय असते. गिळायला त्रास असेल तर तेही ठळक लिहा, नाहीतर मोठमोठ्या गोळ्या लिहून मिळतील.

बाकी फाईल जाडजूड असतेच. सगळी न्या, पण वर हे एक पान ठेवा. तीनशे पानं चाळायला ओपीडीत कुणालाही वेळ नसतो.

रुग्णालय जुने कागद देत नाही. काय करावं?

लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. त्याच संहितेत दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायचं बंधन आहे. त्यापुढे त्या मिळतीलच असं नाही. मुलाच्या सहाव्या वर्षी झालेल्या शस्त्रक्रियेचे कागद सतराव्या वर्षी शोधायला गेलात तर हात हलवत परत यावं लागेल. आज हाताशी आहेत त्या सगळ्या कागदांचे फोटो काढून ठेवा. एमआरआयच्या फिल्म पावसाळ्यात एकमेकींना चिकटतात, त्यांची सीडी वेगळी जपा.

अठरा पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही कुणी करायची?

कायद्याने त्याने किंवा तिने स्वतः. आईवडील नैसर्गिक पालक असतात ते अठराव्या वाढदिवसापर्यंतच. दिव्यांगत्व कितीही तीव्र असलं तरी हे आपोआप पुढे चालू राहत नाही. साध्या तपासण्यांना सहसा कुणी अडवत नाही, पण भूल द्यायची वेळ आली, मोठी शस्त्रक्रिया आली की कागद मागितला जातो. नेमका त्याच दिवशी तो नसतो.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्व मिळतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आई-बाबा, भाऊ-बहीण, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. मावशी किंवा काका पालक होणार असतील तर आईवडिलांची संमती जोडायची. मुलाच्या नावावर मालमत्ता असेल तर पालक नेमल्यापासून सहा महिन्यांत तिची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब समितीला द्यावा लागतो. कोर्टात जावं लागत नाही, हा या वाटेचा मोठा फायदा.

कागद सतराव्या वर्षीच गोळा करायला घ्या. दिव्यांग प्रमाणपत्र, जन्मदाखला, पत्ता. नावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं असतं, आणि सगळ्यात जास्त वेळ ते दुरुस्त करण्यात जातो.

आम्ही खारघरला राहतो. अर्ज ठाण्याला करायचा ना?

नाही. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, उलवे रायगड जिल्ह्यात येतात, त्यामुळे तुमची समिती अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयाची. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचे लोक ठाणे जिल्ह्यात. बेलापूरच्या कोकण भवनात हे काम होत नाही. तिथे विभागीय आयुक्त बसतात. बरेचजण आधी तिथेच जाऊन येतात.

मुलीला चालता येत नाही, बोलणं अस्पष्ट आहे, पण बुद्धी तल्लख आहे. तरी पालकत्व घ्यावं का?

अजिबात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सी.पी. या शब्दावर कागद मिळतो म्हणून घ्यायचा नसतो. तिचा अंगठा, तिची खूण, बोर्डावर बोट ठेवून दिलेलं उत्तर ही तिची संमतीच आहे. काही निर्णयांत मदत लागत असेल तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची सोय आहे. त्यात ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करूनच निर्णय घ्यायचा असतो. पूर्ण पालकत्व हा शेवटचा उपाय आहे. सोय म्हणून लोक तोच पहिला करतात.

मी एकोणीस वर्षांचा आहे. डॉक्टर माझ्याकडे बघतच नाहीत, सगळं आईला विचारतात. काय करू?

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुला शंभर मार्क. आईला आधीच सांगून ठेव: पहिली पाच मिनिटं तिने बोलायचं नाही. घरून तीन वाक्यं लिहून ने: मला काय होतंय, कधीपासून, मला काय हवंय. बोलणं कळायला वेळ लागत असेल तर तो कागद किंवा मोबाईल सरळ टेबलावर ठेव. तुझ्या औषधांची नावं तुला पाठ हवीत, आणि गोळ्या संपत आल्या हे घरात तुला आधी कळायला हवं. काही बोलायचं असेल आणि ते आईसमोर नको असेल तर "मला एकट्याला बोलायचंय" असं म्हणायचा तुला हक्क आहे.

पालकांनो, याची सवय बाराव्या-तेराव्या वर्षापासून लावा. ज्यांना बोलता येत नाही त्यांनाही "पोटात दुखतं की डोकं?" हे चित्रावर दाखवता येतं. बिघडलेलं कुठे ते नेमकं दाखवणारं मूल आणि नुसतं रडणारं मूल यांच्या तपासणीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मुलगा पुरुषांच्या वॉर्डात. रात्री आईला थांबू देत नाहीत.

हे आधी कुणी सांगत नाही आणि रात्री नऊ वाजता कळतं. मुलांच्या वॉर्डात आई हवीच असते. पुरुषांच्या वॉर्डात तिला बाहेर जायला सांगतात. बाबा एकटेच असतील आणि मुलगी दाखल असेल तर उलटी अडचण. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर आधीच मेट्रन किंवा निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून लेखी परवानगी घ्या. कारण लिहा: भरवावं लागतं, कूस बदलावी लागते, बोलता येत नाही. कोपऱ्यातला पलंग, पडद्याची सोय मागा. ते जमत नसेल तर रात्रीसाठी मामा, काका, मोठा भाऊ अशी पाळी लावा आणि त्यांना भरवायची पद्धत घरी शिकवून ठेवा. पलंगाच्या डोक्याशी एक कागद चिकटवा: "बोलत नाही, पण सगळं समजतं. पाणी घट्ट करून द्यावं. डाव्या कुशीवर झोपवू नये." पाळी बदलली की मावशी आणि वॉर्डबॉयही बदलतात, कागद मात्र जागेवर राहतो.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आहे. अठरानंतर पुन्हा तपासणी लागते का?

कार्डावरची वैधता बघा. मुलांना बहुतेकदा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. बौद्धिक दिव्यांगत्वात पाच, दहा आणि अठरा या वयांना फेरतपासणी असते आणि अठराव्या वर्षाचं प्रमाणपत्र कायमचं होतं. अर्ज यूडीआयडीच्या पोर्टलवरूनच. ठाण्याच्या सिव्हिल रुग्णालयाच्या जुन्या जागेवर नवं बांधकाम निघाल्यापासून विभाग हलले आहेत, तेव्हा तपासणी करणारा वैद्यकीय बोर्ड कोणत्या दिवशी आणि कुठे बसतो हे विचारूनच मुलाला घेऊन निघा.

आधारचे ठसे पंधराव्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात. ते राहिले असतील तर विम्यापासून पेन्शनपर्यंत सगळं अडतं. बोटं उघडत नसतील किंवा नजर स्थिर राहत नसेल तर अपवाद म्हणून नोंदणी करता येते. केंद्रावरच्या माणसाला हे माहीत नसेल तर शांतपणे पुन्हा सांगा.

मुलीची पाळी सांभाळणं कठीण जातंय. गर्भपिशवी काढून टाकावी असं नातेवाईक सुचवतात.

१९९४ मध्ये पुण्यात शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींच्या गर्भपिशव्या काढण्यावरून महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं होतं, ते अनेकांना आठवत असेल. आज कायदा स्पष्ट आहे. २०१६ च्या कायद्याचं कलम १० सांगतं की मोकळ्या आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय कोणत्याही दिव्यांग व्यक्तीवर वंध्यत्व आणणारी प्रक्रिया करता येत नाही. वैद्यकीय कारण नसताना एवढी मोठी शस्त्रक्रिया, पुढे हाडांवर होऊ शकणारे परिणाम, आणि अत्याचाराचा धोका त्याने काडीचाही कमी होत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे रक्तस्राव कमी करणारे औषधोपचार असतात. पाळीच्या पँटी, वेळापत्रक, बाहुलीवर सराव यांनी खूप मुली शिकतात. वेळ लागतो, हे खरं.

याच वयात आणखी एक विषय. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर न्यूरोलॉजिस्टशी मुद्दाम बोला. गरोदरपणात हे औषध चालू असल्यास साधारण दहात एका बाळाला जन्मजात व्यंग होऊ शकतं, शिवाय बाळाच्या बौद्धिक वाढीवरही परिणाम होतो. "हिचं कुठे लग्न व्हायचंय" म्हणून हा प्रश्न सोडून देऊ नका. मात्र गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही.

नव्या फिजिशियनना आजारानुसार कशाची आठवण करून द्यायची?

डाउन सिंड्रोम असेल तर दरवर्षी थायरॉइडची तपासणी, कान, डोळे, झोपेतलं घोरणं. चाळिशीकडे विसराळूपणा लवकर सुरू होऊ शकतो. सी.पी. मध्ये मेंदूची इजा वाढत नाही, पण शरीर झिजतं. विशी-तिशीत चालणं कमी होणं, कंबर आणि हिप दुखणं, थकवा हे "आळस" म्हणून सोडून देण्यासारखं नाही. डोक्यात शंट (मेंदूत साचणारं पाणी काढून देणारी नळी) असेल तर तो आयुष्यात कधीही बंद पडू शकतो. डोकेदुखी, उलटी, गुंगी असं एकत्र दिसलं तर ॲसिडिटीची गोळी देऊन थांबायचं नाही. स्पायना बायफिडाला मूत्रपिंडाची नियमित सोनोग्राफी आणि रबरी हातमोज्यांच्या ॲलर्जीची चौकशी. डुशेनच्या (मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा एक प्रकार) मुलांना वर्षातून एकदा हृदयाचा इको आणि फुप्फुसांची चाचणी, आणि कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना निदान सांगणं अत्यावश्यक.

दात सगळ्यांचेच बघायला हवेत. दुखरी दाढ सांगता न आल्याने कितीतरी मुलं "चिडकी" ठरतात.

वागणं एकदम बदललंय, मारायला धावतो. मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायचं का?

आधी शरीर बघा: दात, कान, पोट साफ होणं, लघवी, झोप, नवीन औषध. त्यात काही निघालं नाही तर जरूर न्या. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे. "ठाण्याला पाठवा" या फालतू विनोदामुळे लोक तिथल्या ओपीडीची पायरी चढायला बिचकतात, ते सोडून द्या. एक लक्षात असू द्या: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात बौद्धिक दिव्यांगत्व हा मानसिक आजार धरलेला नाही. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण एकाची गोळी दुसऱ्याला लागू पडत नाही.

विशेष शाळा अठराला संपली, त्याबरोबर थेरपीही.

खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, वाशीत महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. दोन्हीकडे चौकशी करा. मोठ्या मुलाची थेरपी रोज लागतेच असंही नाही. महिन्यातून एकदा फिजिओने बघून घरचा व्यायाम बदलून द्यावा आणि उचलायची, खुर्चीतून पलंगावर घ्यायची योग्य पद्धत घरच्यांना शिकवावी. पन्नास किलोचा मुलगा आणि पन्नाशीची आई, यात आधी आईची कंबर जाते.

विम्याचं काय?

राष्ट्रीय न्यासाच्या वर सांगितलेल्या चार प्रकारांसाठी निरामय योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंत, ओपीडी आणि थेरपीसह, आधी तपासणीची अट नाही. बिलं मात्र आधी भरून मग परतावा. दाखल होण्याच्या मोठ्या खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत.

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे इथल्या कारखान्यांत नोकरी असलेल्यांनी ईएसआय (कामगार राज्य विमा) तपासावं. पूर्णपणे अवलंबून असलेलं दिव्यांग मूल वयाची अट न लागता, दिव्यांगत्व असेपर्यंत त्यात राहतं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेतही कायम दिव्यांगत्व असलेल्या अवलंबित मुलाला वयाची मर्यादा नाही. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये मात्र मुलांची वयोमर्यादा असते. ती संपायच्या वर्षभर आधी एचआरला लेखी विचारा.

ओपीडीत तीन तास बसवत नाही त्याला.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २५ मध्ये दिव्यांगांना तपासणीत आणि उपचारात प्राधान्य द्यायला सांगितलं आहे. केसपेपरच्या खिडकीवर यूडीआयडी कार्ड दाखवा आणि "प्राधान्य" हाच शब्द वापरा. रांगेतल्या माणसांशी भांडू नका, थेट सिस्टरांना सांगा.

जुन्या डॉक्टरांना अधूनमधून फोन केला तर चालेल का?

पहिलं वर्षभर, त्यांच्या परवानगीने, जरूर. त्याहून चांगलं म्हणजे नव्या डॉक्टरांचा नंबर त्यांना द्या आणि दोघांना आपसात एकदा बोलू द्या. दहा मिनिटांच्या त्या बोलण्यात जे पोचतं ते फाईलमधून पोचत नाही. नव्या दवाखान्यात पहिल्या भेटीला गर्दीची संध्याकाळ टाळा, दुप्पट वेळ मागून घ्या, आणि जेवण, कपड्यांचा एक जोड, आवडतं खेळणं बरोबर असू द्या. वय अठरा असलं तरी.